काळा पडदा आणि लुकलुकता कर्सर : फ्रीबीएसडीवर डेस्कटॉप चढंना

लेथवाला
रविवार, रात्री १०.५०

राम राम मंडळी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं जॉबवर्कचं छोटं शेड हाय. दोन लेथ, एक मिलिंग, आन् ऑफिस म्हणजे कोपऱ्यात प्लायवूड लावून केलेली खोली. तिथल्या पीसीवर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. सहाव्या पिढीचा आय-५, विंडोज ११ त्याला घरात घेत नाही. मशीन मात्र ठणठणीत हाय. ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी. भंगारात घालायला जीव होईना.

मावसभावानं पेन ड्राइव्ह दिला, फ्रीबीएसडी १४.१ चा. विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम हाय ही, युनिक्सच्या घराण्यातली. त्याच्या कॉलेजात कुणीतरी वापरतं म्हणे. इन्स्टॉल अर्ध्या तासात झालं, डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत झेडएफएस निवडली. मग एक व्हिडिओ लावून त्यात दिसलं तसं सगळं टाइप केलं : झॉर्ग, एक्सएफसीई, लाइटडीएम, ड्रायव्हर. मधी कायतरी व्हर्जन जुळत न्हाई असं विचारत होतं, मी वाय दाबलं. रीबूट केलं. अक्षरं पळाली, पडदा काळा झाला, वरच्या कोपऱ्यात कर्सर लुकलुकतोय. दोन सेकंदानं पडदा फडफडतो, परत काळा. चार वेळा चालू-बंद केलं, तेच.

उद्या सकाळी एका गिऱ्हाइकाला बिल द्यायचंय, ते हातानं लिहून देतो. पण ह्याचं काय करू?

उगाच एक
रविवार, रात्री ११.०५

लिनक्स मिंट टाका आणि झोपा. वीस मिनिटांत डेस्कटॉप समोर. बीएसडी सर्व्हरवर शोभतं, लेथच्या शेजारी नाही.

लेथवाला
रविवार, रात्री ११.१२

मिंट मलाबी म्हाईत हाय हो. पण आता डोकं लावलंय तर सोडवत न्हाई.

घाटवाट
रविवार, रात्री ११.४०

मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या पुण्यात सर्व्हर राखतो. घरचा लॅपटॉप सात वर्षं फ्रीबीएसडीवरच आहे.

एक आधीच सांगतो. मी मोबाईलवरून देवनागरीत लिहितोय, त्यामुळे कमांड उच्चाराप्रमाणे लिहीन. यंत्रावर इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करा.

तुमचं यंत्र बंद पडलेलं नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-२ एकदम दाबा. काळ्या पडद्याच्या मागे लॉगिनची ओळ असेल. रूट म्हणून, म्हणजे यंत्राचा मुख्य मालक म्हणून, आत जा आणि पहिली गोष्ट म्हणजे लाइटडीएम बंद करा : सिसआरसी लाइटडीएम_इनेबल=नो, मग सर्व्हिस लाइटडीएम वनस्टॉप. लाइटडीएम हा दारावरचा रखवालदार. आत घरच उभं नसताना तुम्ही त्याला नेमलाय. तो आत डोकावतो, काही दिसत नाही, परत डोकावतो. ती फडफड त्याचीच.

मग तीन गोष्टी बघून इथं लिहा :
फ्रीबीएसडी-व्हर्जन -केआरयू काय सांगतं?
केएलडीलोड आय९१५केएमएस केलं की काय उमटतं?
/व्हार/लॉग मधल्या झॉर्ग.०.लॉग फाइलमध्ये कंसात दोन ई असलेल्या ओळी कुठल्या? ग्रेप या शोधायच्या कमांडनं काढा.

लेथवाला
सोमवार, सकाळी ९.२०

कंट्रोल-ऑल्ट-एफ२ नं खरंच लॉगिन आलं! रात्रभर वाटत होतं एसएसडी गेली.

पहिल्याचं उत्तर तिन्ही ओळींत १४.१. दुसऱ्याला म्हणतंय ड्रायव्हर कर्नेलवर अवलंबून हाय, मिळत न्हाई किंवा व्हर्जन जुळत न्हाई. तिसऱ्यात दोन ओळी : एकीत व्हेसा म्हणून कायतरी, आन् शेवटी ‘नो स्क्रीन्स फाउंड’. स्क्रीन तर समोर हाय की राव!

घाटवाट
सोमवार, दुपारी १.१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.

तुमच्याकडे एक काळा पडदा आहे, पण आत किमान दोन दुखणी आहेत. एकेक घेऊ.

पहिलं. इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर फ्रीबीएसडीच्या मूळ सिस्टीममध्ये नसतो. तो लिनक्सच्या कर्नेलमधून, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातून, घेऊन डीआरएम-केएमओडी या पॅकेजमध्ये दिलेला असतो. बाकीची पॅकेजं, म्हणजे ब्राउझर, ऑफिस वगैरे, थोडीफार मागेपुढे चालून जातात. हा ड्रायव्हर मात्र थेट कर्नेलमध्ये शिरतो. ज्या कर्नेलसाठी बांधला, त्याच्याशीच त्याचं जमतं. तुमचा पेन ड्राइव्ह जुना आणि पॅकेजं नव्या सिस्टीमसाठी बांधलेली. त्या ‘वाय’च्या वेळी यंत्र तुम्हाला हेच सांगत होतं.

तेव्हा सिस्टीम १४.३ वर न्या. पण त्याआधी एक ओळ : बीईसीटीएल क्रिएट जुनं. नाव अर्थात इंग्रजी अक्षरांत द्या. याला बूट एन्व्हायर्नमेंट म्हणतात. झेडएफएस निवडलंत हे फार बरं केलंत, कारण आत्ताची सगळी सिस्टीम एका क्षणात बाजूला ठेवता येते आणि जागाही जवळपास काही लागत नाही. अपडेट बिघडलंच तर चालू होतानाच्या मेनूतून ‘जुनं’ निवडायचं, कालच्या जागी परत. फ्रीबीएसडी-अपडेट स्वतःही असं एक पाडून ठेवतं, पण आपल्या हातानं पाडलेलं नाव लक्षात राहतं.

मग क्रम असा. फ्रीबीएसडी-अपडेट फेच इन्स्टॉल. मग फ्रीबीएसडी-अपडेट -आर १४.३-रिलीज अपग्रेड, यात रिलीज मोठ्या अक्षरांत. तो बदललेल्या फाइलींच्या लांबच लांब याद्या दाखवेल, वाचून झालं की क्यू दाबून पुढे. एखादी सेटिंगची फाइल जुळवण्यासाठी एडिटर उघडला तर घाबरू नका, नीट बघून सेव्ह करा. मग इन्स्टॉल, रीबूट, आणि रीबूटनंतर परत एकदा इन्स्टॉल. हे दुसरं इन्स्टॉल निम्मे लोक विसरतात. शेवटी पीकेजी अपग्रेड, आणि पीकेजी इन्स्टॉल -एफ डीआरएम-केएमओडी.

लेथवाला
सोमवार, दुपारी १.३०

शेडमधी वायफाय न्हाई, मोबाईलवरनं चालंल का? काल व्हिडिओसाठी घरी नेलता पीसी.

घाटवाट
सोमवार, दुपारी १.३४

चालेल. अँड्रॉइड फोन यूएसबीच्या वायरीनं जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. यंत्राला यूई० नावाचं नेटवर्क कार्ड दिसेल. डीएचक्लायंट यूई० म्हणा. दिसलं नाही तर आधी केएलडीलोड आयएफ_युआरएनडीआयएस.

गंगावेस मास्तर
सोमवार, सायंकाळी ६.१०

मी निवृत्त शिक्षक. घाटवाट यांनी उपाय अचूक सांगितला आहे, त्यात भर घालत नाही. लेथवाल्यांना हे सगळं मुळात कसं रचलंय ते कळलं तर पुढच्या खेपेला व्हिडिओ लागणार नाही, एवढ्यासाठी लिहितो.

विंडोजमध्ये पडदा, खिडक्या आणि बटणं हे सगळं एकच अंग वाटतं. युनिक्सच्या घराण्यात तसं नाही. युनिक्स १९६९ मधलं. त्याला चित्राचा पडदा मिळाला तो पुष्कळ नंतर. एक्स ही खिडक्यांची व्यवस्था एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झाली, आणि आज आपण जी वापरतो ती अकरावी आवृत्ती १९८७ ची. फ्रीबीएसडी स्वतः १९९३ चं. म्हणजे पडदा हा या घरात बाहेरून आलेला पाहुणा आहे, आणि तो कायम तसाच वेगळा राहिला. म्हणून इन्स्टॉल संपल्यावर तुम्हाला नुसती अक्षरं दिसतात. ती अपुरी सिस्टीम नव्हे. ती तेवढीच असते.

आता थर मोजा. सगळ्यात खाली कर्नेलमधला ड्रायव्हर, त्यानं कार्डाशी बोलायचं. त्यावर झॉर्ग, त्यानं पडदा, माऊस आणि कीबोर्ड ताब्यात घ्यायचे. त्यावर विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्यांच्या कडा काढणारा आणि त्या हलवणारा. मग एक्सएफसीई, म्हणजे पट्टी, मेनू, फाइल बघायची सोय असा सगळा संसार. बाजूला डीबस नावाचा निरोप्या, तो या मंडळींचे निरोप इकडून तिकडे नेतो. आणि सगळ्यात शेवटी लाइटडीएम.

तुम्ही लेथ बसवलात तेव्हा काय केलंत? आधी बेड लेव्हल केला. मग मोटर नुसती फिरवून पाहिली. मग चकाला डायल लावला. जॉब शेवटी धरला. इथं तुम्ही पहिल्याच दिवशी जॉब धरून स्विच मारलात.

उगाच एक
सोमवार, सायंकाळी ६.४०

मास्तर, मान्य. पण माझा मुद्दा उरतोच. दुकानाच्या माणसानं बेड लेव्हल का करावा? घोस्टबीएसडी आहे ना, फ्रीबीएसडीच आतून, वर माटे डेस्कटॉप तयार. नाहीतर ओपनबीएसडी घ्या. तिथं एक्स मूळ सिस्टीमबरोबरच येतं, इन्स्टॉल करतानाच विचारतं चालू करू का म्हणून. ही सगळी थरांची उतरंड फ्रीबीएसडीनं वापरणाऱ्याच्या डोक्यावर ठेवलीय.

गंगावेस मास्तर
सोमवार, सायंकाळी ७.०२

तुमची तक्रार रास्त आहे. घोस्टबीएसडी सुचवायला हरकत नाहीच. पण बिघडल्यावर त्यातही हेच थर निघतात, एवढं ध्यानात असू द्या.

लेथवाला
मंगळवार, रात्री ९.४५

अपडेट झालं. फोनवरनं लई वेळ गेला, मधी एकदा लाईट गेली आन् परत पहिल्यापासनं. दुसरं इन्स्टॉल मीबी विसरलो होतो, धागा बघून केलं.

मग केएलडीलोड आय९१५केएमएस म्हटलं आन् काय सांगू, पडदा एक क्षण मिटला, आन् अक्षरं एकदम बारीक झाली! आधी ढब्बू होती, आता सगळा मॉनिटर भरून बारीक. कायतरी झालं एवढं कळलं.

पण झॉर्ग हातानं चालू करायला स्टार्टएक्स केलं तर परत ‘नो स्क्रीन्स फाउंड’.

घाटवाट
मंगळवार, रात्री १०.००

ती बारीक अक्षरं म्हणजे पहिला थर बसला. ड्रायव्हरनं कार्ड ताब्यात घेतलं आणि मॉनिटरचं खरं रिझोल्यूशन लावलं. आता तो दर वेळी आपोआप चढावा म्हणून : सिसआरसी केएलडी_लिस्ट+=आय९१५केएमएस. जुन्या लेखांत हे लोडर.कॉन्फ मध्ये घालायला सांगतात. तिथं घालू नका, आरसी.कॉन्फमध्येच राहू दे. सिसआरसी तिथंच लिहितं.

आता दुसरं दुखणं. लॉगमधली ती व्हेसावाली ओळ पूर्ण पाठवा.

लेथवाला
मंगळवार, रात्री १०.०८

आता ओळ बदललीय. म्हणतंय व्हेसा, कर्नेल ड्रायव्हर लागलेलं डिव्हाइस सोडून देतोय. असंच कायतरी इंग्रजीत.

घाटवाट
मंगळवार, रात्री १०.११

झॉर्ग.कॉन्फ नावाची फाइल केलीय का तुम्ही?

लेथवाला
मंगळवार, रात्री १०.१३

व्हय. व्हिडिओच्या खाली लिंक होती, त्यातली उतरवली.

घाटवाट
मंगळवार, रात्री १०.२०

उडवा. म्हणजे नाव बदलून बाजूला ठेवा.

त्या फाइलीत ड्रायव्हर म्हणून व्हेसा लिहिलंय. व्हेसा हा जुन्या बायोसच्या आधारानं चालणारा सरसकट ड्रायव्हर. तुमचं यंत्र यूईएफआय या बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीनं चालू होतं, तिथं त्याला तो आधारच नाही, म्हणून परवा पडला. आज खरा ड्रायव्हर बसलाय, तर व्हेसा म्हणतो हे कार्ड दुसऱ्याच्या ताब्यात आहे, मी हात लावत नाही. फाइलीत दुसरा कोणी लिहिलेला नाही, मग झॉर्ग हात वर करतो. ‘नो स्क्रीन्स’चा अर्थ मॉनिटर नाही असा नसतो. मला दिलेल्या माणसांपैकी कुणीच पडदा उघडू शकला नाही, एवढाच.

आजकाल झॉर्ग आपलं आपण शोधून घेतो. ती फाइल नसलेलीच बरी.

लेथवाला
मंगळवार, रात्री १०.३१

आलं!!!

तीन पांढऱ्या खिडक्या आन् कोपऱ्यात एक गोल घड्याळ. माऊस फिरतोय. पण हे असंच दिसतं व्हय? आमच्या आजोबांच्या काळातलं वाटतंय.

गंगावेस मास्तर
मंगळवार, रात्री १०.४०

ते टीडब्ल्यूएम, एक जुना साधा विंडो मॅनेजर. दुसरं काही नेमलेलं नसलं की तेच उभं राहतं. ते घड्याळ पाहून मला फार बरं वाटलं. तुमची मोटर फिरली.

घाटवाट
मंगळवार, रात्री १०.५२

अभिनंदन. आता संसार मांडा. सिसआरसी डीबस_इनेबल=येस, सर्व्हिस डीबस स्टार्ट. मग रूटमधून बाहेर या. डेस्कटॉप रूटनं चालवायचा नाही. आपल्या साध्या नावानं लॉगिन करा, घरच्या फोल्डरमध्ये .एक्सइनिटआरसी फाइल करा, आत एकच ओळ : एक्झेक स्टार्टएक्सएफसीई४. स्टार्टएक्स म्हणा. दोन दिवस असंच चालवा. सुरळीत वाटलं तर मग लाइटडीएम चालू करा. आणि लाइटडीएम-जीटीके-ग्रीटर पॅकेज टाकलंय ना बघा. नुसत्या लाइटडीएमला चेहरा नसतो, परत काळा पडदा बघाल आणि मला शिव्या द्याल.

लेथवाला
गुरुवार, सायंकाळी ७.३०

एक्सएफसीई चालू हाय, भारी दिसतंय. ब्राउझर, लिब्रेऑफिस टाकलं. ड्रॉइंगसाठी लिब्रेकॅडबी टाकलं. गिऱ्हाइकाची डीएक्सएफ ड्रॉइंग उघडली, मापं बरोबर. एकाची डीडब्ल्यूजी मात्र अर्धीच आली, त्याला म्हटलं डीएक्सएफ करून पाठव.

पण एक हाय. खिडकी ओढली की मागं घासत येतीय. व्हिडिओ लावला तर पंखा लेथसारखा बोंबलतोय. विंडोजवर असं नव्हतं.

मिरची कांडप
गुरुवार, रात्री ८.१५

नमस्कार, मी लक्ष्मीपुरीत डीटीपी करते. घरच्या लॅपटॉपवर मला अगदी हेच झालं होतं. दादा, मेसा-डेमोज पॅकेज टाका आणि जीएलएक्सइन्फो चालवून रेंडररची ओळ बघा. तिथं एलएलव्हीएमपाइप लिहिलंय का?

लेथवाला
गुरुवार, रात्री ८.२६

व्हय ताई, तेच लिहिलंय!

मिरची कांडप
गुरुवार, रात्री ८.३५

म्हणजे ग्राफिक्स कार्ड रिकामं बसलंय आणि सगळी चित्रं प्रोसेसर रंगवतोय. कार्डाला हात लावायची परवानगी व्हिडिओ नावाच्या ग्रुपला असते, आणि तुमचं नाव त्यात नाही. रूट होऊन पीडब्ल्यू ग्रुपमॉड व्हिडिओ -एम, पुढे तुमचं लॉगिन नाव. मग पूर्ण लॉगआउट करून परत या, नुसती खिडकी बंद करून चालत नाही. मी त्या लॉगआउटपायी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

लेथवाला
गुरुवार, रात्री ८.५१

पंखा गप्प. रेंडररमधी आता इंटेलचं नाव हाय. ताई, एकदा शेडवर या, चहा लागू.

आता तुम्ही डीटीपीवाल्या हाय तर विचारतो. बिलं मराठीत करायची हाईत. जुनी बिलं श्रीलिपीत हाईत, ती उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

मिरची कांडप
गुरुवार, रात्री ९.२०

ती खिचडीच आहे. त्या जुन्या फॉन्टांत युनिकोड, म्हणजे मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक, नसतं. फाइलीत इंग्रजी अक्षराचा क्रमांक असतो आणि फॉन्ट त्या जागी मराठी आकार दाखवतो. फॉन्ट गेला की सोंग उतरतं. जुनी बिलं पीडीएफ करून ठेवा, नवीन युनिकोडमध्ये सुरू करा. बिलाचा मायना असून असून केवढा, एकदा टाइप केलं की झालं.

नोटोचे फॉन्ट टाका, नाहीतर मराठीच्या जागी चौकोन दिसतील. मग एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय मांडणीतली मराठी जोडा आणि भाषा बदलायला ऑल्ट-शिफ्ट लावा. ही इनस्क्रिप्ट मांडणी आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. आठ दिवस बोटं शिव्या देतील, मग सोडवणार नाही. इंग्रजी स्पेलिंगनं मराठी लिहायची सवय असेल तर आयबस हे टायपिंगचं पॅकेज आणि त्याचं एम१७एन टाका.

लेथवाला
शनिवार, दुपारी ३.१०

सगळं जमलं, एका अक्षरावर अडलोय. ‘पुलीला चाऱ्या पाडल्या’ असं लिहायचंय. माझं ‘चार्या’ येतंय. आण्णा म्हणत्यात गिऱ्हाईक हसंल.

मिरची कांडप
शनिवार, दुपारी ३.२५

आण्णांचं बरोबर आहे. ‘सूर्य’मधला रफार वेगळा आणि हा वेगळा. साधा र जे या बटणावर आहे, तेच बटण शिफ्टसकट दाबलं की खाली टिंब असलेला ऱ येतो. त्याच्यापुढे डी, म्हणजे हलन्त, मग य, तो तिरक्या रेघेच्या बटणावर. चाऱ्या. आमच्याकडे लग्नपत्रिकेत ‘सोयऱ्यां’चं चुकलं तर पूर्ण गठ्ठा परत येतो, म्हणून पाठ आहे.

लेथवाला
शनिवार, दुपारी ३.३१

चाऱ्या. चाऱ्या. चाऱ्या. आलं.

उगाच एक
शनिवार, सायंकाळी ५.००

सहा दिवस लागले. मिंट म्हटलं होतं.

लेथवाला
शनिवार, सायंकाळी ५.१२

म्हटलं होतं की. पण आता ‘जुनं’ आन् ‘चालू’ अशी दोन बूट एन्व्हायर्नमेंट हाईत माझ्याकडं, तुमच्या मिंटकडं हाईत का?

बरं, शेवटचं. रात्री शेड बंद करताना पोरगा मेन स्विचच पाडतो. त्याला रूटचा पासवर्ड द्यायचा न्हाई. त्याच्या नावानं पीसी बंद करता येईल अशी कायतरी सोय?

घाटवाट
शनिवार, सायंकाळी ६.४०

त्याचं नाव ऑपरेटर ग्रुपमध्ये घाला. मघाचीच कमांड, व्हिडिओच्या जागी ऑपरेटर. मग तो शटडाउन -पी नाऊ म्हणू शकतो. डेस्कटॉपवर त्याचं एक आयकॉन करून द्या.

गंगावेस मास्तर
शनिवार, सायंकाळी ७.०५

ऑपरेटरला डिस्क थेट वाचायचीही मुभा असते, एवढं माहीत असू द्या. पोरगा विश्वासाचा आहे ना?

लेथवाला
शनिवार, सायंकाळी ७.२०

आण्णांचा नातू हाय, माझाच पोरगा. आठवीत. घातलं नाव. आत्ता त्यानंच बंद केला, मी मोबाईलवरनं लिहितोय.